नीतिसूत्रे रोजच्या जगण्यात: तुमचा अनुभव लिहा

सर्वांना सलाम. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय 31, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायचा, ही आमच्या घरची जुनी सवय. बाजार, कर्ज, शेजारी, जीभ, लेकरं, सगळं त्यात आहे. एखादं वचन पाळून घरात काही बदललं असेल, किंवा पाळणं जड गेलं असेल, तर लिहा. सुरुवात मी करते.

सहाव्या अध्यायात म्हटलंय, दुसऱ्याला जामीन राहिला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नको, पारध्याच्या हातून हरिण निसटतं तसा निसट. वडिलांनी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका मित्रासाठी पतपेढीच्या कागदावर सही केली होती. मित्राने हप्ते थांबवले, नोटीस आमच्या दारी आली आणि आईच्या पाटल्या गेल्या. तेव्हा मी नववीत होते. दोन वर्षांपूर्वी मावसभावाने टेम्पोच्या कर्जासाठी जामीन राहशील का विचारलं, तेव्हा रात्रभर झोपले नाही. नाही म्हणायचं ठरवलं. पण तिसरा अध्याय असंही सांगतो की हातात असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणू नको. मग परत आले नाहीत तरी चालतील एवढेच पैसे, चाळीस हजार, त्याला दिले. आठ महिने तो बोलला नाही. नाताळात आई करंज्यांचा डबा घेऊन त्याच्याकडे गेली, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. सही केली नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही, पण ते आठ महिने फार जड गेले.

किराणा दुकानदार, श्रीरामपूर
खोटा तराजू परमेश्वराला घृणास्पद आहे, अकराव्याचं पहिलंच वचन. माझा काटा इलेक्ट्रॉनिक, दर वर्षी तपासून शिक्का मारलेला. पण मिठाई खोक्यासकट तोलायचो, सगळेच तोलतात. खोकं साठ-सत्तर ग्रॅमचं, म्हणजे पेढ्याच्या भावाने पुठ्ठा विकत होतो. लेंतकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एका सकाळी हे वचन वाचलं आणि दुपारी गिऱ्हाइकासमोर हात थांबला. तेव्हापासून आधी रिकामं खोकं ठेवून काटा शून्यावर आणतो. दिवाळीत तोटा जाणवतो. भाव थोडा वाढवला आणि का वाढवला ते विचारणाऱ्याला सांगतो.

परिचारिका, पुणे
मृदू उत्तराने राग शमतो, हे रात्रपाळीत दर वेळी खरं ठरतंच असं नाही. काही नातेवाईक मऊ बोलल्यावर जास्तच चढतात. तरी माझा आवाज खाली राहिला की माझे हात थरथरत नाहीत, सुई नीट लागते. मला तेवढं पुरतं.

गृहिणी, नालासोपारा
शेजाऱ्याच्या घरी वरचेवर पाऊल टाकू नको (25:17). चाळीतून इमारतीत आल्यावर हे कळलं. आता आधी फोन करते. मैत्री टिकली.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर
मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हातारपणीही तो त्यापासून वळणार नाही (22:6). संडे स्कूलमध्ये हे वचन मी तीस वर्षं पाठ करून घेतलं. माझा स्वतःचा मुलगा बारा वर्षांत देवळात आलेला नाही. मंडळीत कुणी हे वचन म्हटलं की मान खाली जायची, वाटायचं माझंच काही चुकलं. एका पाळकांनी समजावलं की सूत्र म्हणजे सहसा काय घडतं त्याचं शहाणपण, देवाने सही करून दिलेला करार नव्हे. ही सूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोन राजाच्याच घरात त्याच्या मुलाने, रहबामाने, वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला आणि राज्य दुभंगलं. त्या रात्री खूप रडले, पण हलकं वाटलं.

मुलगा दर रविवारी संध्याकाळी फोन करतो. जेवलीस का, गुडघा कसा आहे, विचारतो. पूर्वी मी लगेच विचारायचे, उपासनेला गेलास का. मग फोन दोन मिनिटांत संपायचा. आता विचारत नाही. परवा अर्धा तास बोलला, आणि ठेवताना म्हणाला, आई, माझ्यासाठी प्रार्थना करतेस ना अजून?