मे महिन्यात चिंचेवरची वटवाघळं जातात कुठे?

पाळीवरचा_शेतकरी (लाखांदूर तालुका, भंडारा)

नमस्कार मंडळी. आमच्या तलावाच्या पाळीवर चिंचेची तीन आणि अर्जुनाचं एक जुनं झाड आहे. तिथली वटवाघळांची वस्ती माझ्या आजोबांच्याही आधीची. दिवाळीनंतर फांदी दिसत नाही इतकी लटकलेली असतात. मोहफुलं सरली की पांगायला लागतात आणि मे लागला की चिंचा रिकाम्या, उरलीसुरली अर्जुनावर. ती दुपारभर पंखांनी वारा घेत असतात, अंग चाटतात, ऊन सरकलं की फांदीच्या सावलीकडे सरकतात. दिवेलागणीला पाण्याला इतकी लागून उडतात की छाती भिजते, मग झाडाला लटकून तेच पाणी चाटतात.

आता गावात बोलून राहिले की वाघळं सोडून गेली, चिंचाही वाळल्यातच जमा, तोडून लिलाव करू. मला हे पटत नाही. ती कायमची जातात की ऋतूप्रमाणे जागा बदलतात? वाळवंटातली वाघळं तर याहून कोरड्या मुलखात राहतात, ती काय करतात? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा. महिनाअखेरीस ग्रामसभा आहे.

मोहाखालचा_मास्तर (देवरी, गोंदिया)

भाऊ, कायमची जात नाहीत. वाळवंटाचं तुम्ही काढलंच आहे तर तिथूनच सांगतो, कारण ग्रामसभेत तेच कामी येईल.

मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवर सोनोराचं वाळवंट आहे. तिथे लांब नाकाचं, फुलांतल्या मधावर जगणारं एक वाघूळ येतं, वजन जेमतेम 25 ग्रॅम. हिवाळा सरता सरता माद्या गाभण असतानाच दक्षिणेतून निघतात. वाटेवरचे उंच निवडुंग दक्षिणेकडून उत्तरेकडे एकामागून एक फुलत जातात, फुलं रात्री उघडतात, आणि त्या फुलोऱ्याच्या मागे या माद्या हजारावर किलोमीटर जातात. वाळवंटातल्या ठराविक गुहांत हजारोंनी जमून पिल्लं देतात. फुलं संपली की त्याच निवडुंगांची फळं खायची. तीही संपली की डोंगरउतारावरच्या घायपाताच्या फुलांकडे वळायचं आणि थंडीच्या आत परत दक्षिणेला. चाऱ्यासाठी एका रात्रीत गुहेपासून 50 किलोमीटर लांब जाणं त्यांना काहीच नाही.

म्हणजे ती गुहा वर्षातले कितीतरी महिने रिकामीच असते. ती रिकामी बघून कोणी बुजवली, तर पुढच्या वसंतात गाभण माद्यांनी उतरायचं कुठे? अमेरिकेने या वाघळाला 1988 मध्ये संकटातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं होतं. गुहा राखल्या, घायपाताकडे लक्ष दिलं, दोन्ही देशांतल्या लोकांनी खपून काम केलं, तेव्हा 2018 मध्ये ते यादीबाहेर आलं.

आपली मोठी फळवाघळं एवढा लांबचा प्रवास करत नाहीत, पण चाल तीच. मोह संपला की उंबर, वड, मग आंबा, जांभूळ, लिंबोण्या. चारा, पाणी आणि गर्द सावली जिथे, तिथे मुक्काम. त्यात मे महिन्यात कितीतरी माद्यांच्या छातीला पिल्लू चिकटलेलं असतं. मे 2020 मध्ये गोरखपूरजवळ उष्म्याने शेकडो वाघळं झाडाखाली मरून पडली होती. तुमच्याकडची विरळ झालेली चिंच सोडून अर्जुनावर गेली, ती जीव वाचवायला.

वर्धेचा_जोधपुरात (मूळ आर्वी)

मास्तरांच्या म्हणण्यात थोडी भर. सगळीच वाळवंटी वाघळं लांब जात नाहीत. इकडे थारच्या वाळवंटात जुन्या किल्ल्यांत, पडक्या इमारतींत उंदरासारख्या लांब शेपटीची किडेखाऊ वाघळं आहेत. पावसाळ्यानंतर किडे मुबलक असतात तेव्हा ती अंगावर चरबी चढवतात. शेपटीच्या बुडाशी आणि पोटावर गुबगुबीत थर येतो. थंडीत किडे मिळेनासे झाले की त्याच चरबीवर सुस्त पडून दिवस काढतात.

याच जातकुळीतल्या वाघळांचा इस्रायलमध्ये बारकाईने अभ्यास झालाय. उन्हाळ्याच्या शेवटी ती मोठ्या मुंग्यांच्या पंखवाल्या राण्यांवर तुटून पडतात, कारण त्यांच्यात चरबी भरपूर. मग जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने साधारण 20 अंशांवर राहणाऱ्या गुहांत ऑक्टोबर ते फेब्रुवारी काही न खाता-पिता पडून राहतात. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे वाळवीची पाखरं निघतात, तेव्हा दिव्याभोवती लहान वाघळांची झुंबड बघा, मला तर लगेच या राण्याच आठवतात. म्हणजे या वाळवंटी वाघळांना उन्हाळ्याला एक जागा लागते, थंडीला दुसरी, आणि एकही सुटली तर वर्ष निभत नाही.

कापूसवाली_काकू (घाटंजी, यवतमाळ)

भाऊ, आमच्या इकडं अस्संच झालं. भर उन्हाळ्यात वड तोडला, वाघळं नाई म्हून. पावसाळा सरल्यावर आली बिचारी, दोन-तीन रात्री जुन्या जागेवर घिरट्या घातल्या, मंग निलगिरीवर जाऊन बसली. निलगिरीले कायची सावली? पुढच्या मे मधी टपाटप पडली खाली, पिल्लासकट. मले आजही वाईट वाटते. तुमी चिंच तोडू देऊ नका. दिवाळीतले फोटो असतील तर तारखेसकट दाखवा सभेत. अन् उन्हाळ्यात पडलेलं वाघूळ हातानं उचलू नका, पोट्ट्यायलेही सांगा, उष्टी फळंही खाऊ नका म्हणा.

पाळीवरचा_शेतकरी

मास्तर, भाऊ, काकू, खूप आभार. भावाच्या मोबाईलात दिवाळीचे फोटो सापडले, चिंच काळीभोर दिसते. एक अडचण आहे. इथे काही जण म्हणतात वाघळं म्हणजे उपद्रवी जनावर, कायदाही त्यांच्या बाजूने नाही.

मोहाखालचा_मास्तर

1972 च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, हे खरं. पण 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. हे सभेत स्पष्ट मांडा आणि झाडांबद्दल ठराव लिहून घ्या, तोंडी नको. जमलं तर चिंचेच्या बुडाशी मेपर्यंत तलावाचं पाणी सोडा. चिंचेला पालवी राहिली तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्जुनावर दाटी करावी लागणार नाही.