वजनाच्या झोळीत बसायला नकार देणाऱ्या मुलाचे म्हणणे कसे ऐकावे?

प्रश्न (अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका):
नमस्कार. आमच्या अंगणवाडीत वजनासाठी अजून झोळीचाच काटा आहे. साडेतीन वर्षांचा एक मुलगा झोळी दिसताच उंबरठ्यावर जाऊन बसतो आणि उचलले की अंग ताठ करून रडतो. आजवर मदतनीस त्याला धरत असे आणि मी काटा वाचत असे. प्रशिक्षणात बालकांच्या सहभागाच्या हक्काविषयी ऐकल्यापासून मात्र त्याला असे धरायला मन धजत नाही. वजन तर घ्यावेच लागते. मग एवढ्याशा मुलाच्या नकाराला मान द्यायचा तो कसा?

उत्तर १ (बालहक्क विषयाचा अभ्यासक):
भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम १२ मुलाचे मत विचारात घेण्यास सांगते. आणि हे कलम लहानग्यांनाही लागू आहे, बोलता येण्याच्या कितीतरी आधीपासून मुले आपल्या इच्छा व्यक्त करत असतात, असे संहितेच्या समितीने २००५ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे उंबरठ्यावर जाऊन बसणे हेच त्या मुलाचे मत आहे. त्याच संहितेचे कलम ३ मुलाच्या हिताला प्राधान्य देते, त्यामुळे वजन करायचे की नाही हा निर्णय त्याच्यावर सोडता येणार नाही. मात्र ते कधी करायचे, कोणाच्या हातून आणि कोणत्या पद्धतीने, हे ठरवताना त्याचे ऐकायला भरपूर वाव आहे.

उत्तर २ (निवृत्त बालवाडी शिक्षिका):
आधी त्याला भीती कशाची वाटते ते पाहा. माझ्या अनुभवात बहुतेक मुले पाय अधांतरी लोंबकळल्यामुळे घाबरत. मी काटा इतका खाली टांगत असे, की झोळीत बसल्यावरही पायांची बोटे जमिनीला टेकत. मग मुलांनाच झोळीत बाहुली बसवायला सांगत असे आणि काट्याचा आकडा मोठ्याने वाचत असे. वजन नोंदवताना मात्र पाय पूर्ण उचललेले हवेत, म्हणून शेवटच्या क्षणी "आता वर उचलते हं" असे सांगूनच झोळी वर घ्यावी. आणि हे त्याच्या घरच्या बोलीत सांगा. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले आश्वासन पोहोचतच नाही. तुमच्याच तालुक्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मुले येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर ३ (अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा):
पटते, परंतु नोंदी, आहारवाटप आणि गृहभेटी सांभाळून प्रत्येक मुलासाठी बाहुलीचा खेळ मांडायला वेळ कुठून आणायचा? आमच्यावरील कामाचा बोजा कमी झाल्याशिवाय मुलांचा हा हक्क कागदावरच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ती:
ताई, तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. तरीही सर्वांऐवजी या एकाच मुलासाठी करून पाहिले. काल त्याने बाहुली तीनदा झोळीत बसवली. स्वतः मात्र बसला नाही. शेवटी झोळी घट्ट धरून माझ्याकडे पाहत "आयस" एवढेच म्हणाला. उद्या त्याच्या आईला बोलावले आहे.