स्वस्तातला ५.१ रिसीव्हर: वापरणाऱ्यांनो, सांगा जरा

प्रश्न: एन्ट्री लेव्हलचा ५.१ एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज पाच स्पीकर आणि एका सबवूफरला, म्हणजे बासच्या स्पीकरला, पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायचा विचार चाललाय, खोली लहानच आहे. खरंच पुरतो का?

उत्तर १: पुरतो की! माझा तीन वर्षं छान चाललाय. फक्त बॉक्सवरच्या वॅटना भुलू नका, तो आकडा बऱ्याचदा एक-दोन चॅनलच (म्हणजे एक-दोन स्पीकरच) चालवून काढलेला असतो, पाचही वाजायला लागले की पॉवर उतरते. आणि वर चार बोटं तरी जागा सोडा, मी कपाटात कोंबला होता तर ऐन क्लायमॅक्सला तापून बंद पडायचा.

उत्तर २: संवाद पुटपुटल्यासारखे आले तर मेनूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झ. खालचा बास सबवूफरकडे गेला की सेंटर (संवाद वाजवणारा मधला स्पीकर) मोकळा होतो, मला तर नवीनच सेट आणल्यासारखं वाटलं.