युरोपातले प्रदेश मोजायची रीत आपल्या तालुक्यांना लागू होईल का?

धुऱ्यावरून

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. घरी सात एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. पीएच.डी.साठी विषय घेतलाय: युरोपीय देशांतल्या प्रदेशांची विषमता, स्पर्धाक्षमता आणि धक्का बसल्यावर तग धरायची ताकद कशी मोजतात, आणि ती रीत विदर्भाच्या ११ जिल्ह्यांना, जमलं तर तालुक्यांना, लावता येते का.

हा विषय का घेतला तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका रात्री आमच्या शिवारात असा पाऊस झाला की सकाळी धुरे फुटलेले, तूर चिखलात आडवी. गोठ्यासमोर पालथं ठेवायचं राहून गेलेलं घमेलं काठोकाठ भरलं होतं. पण पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी, आमच्यापासून नऊ किलोमीटरवर. तिथली नोंद ६५ मिलिमीटरच्या बरीच खाली, म्हणजे अतिवृष्टी नाही. आमचं गाव यादीतून बाहेर. बाबांनी ते घमेलं रिकामं करायला दोन दिवस घेतले. कोणी बघायला येईल असं त्यांना वाटत होतं.

तेव्हापासून मोजणी कुठे करतात, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आता प्रश्न. मार्गदर्शक सर म्हणतात तिन्ही गोष्टींचा एकच निर्देशांक कर आणि जिल्ह्यांना क्रमांक दे. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. कोणी मदत कराल का?

आर्वी नाका

ताई, तुमचं न पटणं बरोबर आहे. मी आकडेवारीचंच काम करतो, नागपुरात, म्हणून जरा लांबवर लिहितो.

युरोपीय संघाने प्रदेशांच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत, २००३ च्या कायद्याने. मधली पायरी साधारण ८ लाख ते ३० लाख वस्तीची. निधी ठरतो तो याच पायरीवर. दरडोई उत्पादन (जीडीपी) संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर तो प्रदेश मागास, आणि जास्तीत जास्त मदत त्याला.

आता यातलं गांभीर्य बघा. हंगेरीत बुडापेस्ट आणि भोवतालचा पेश्त परगणा मिळून एकच प्रदेश होता. राजधानीच्या श्रीमंतीमुळे सरासरी वर, आणि पेश्तमधली खेडी त्या सरासरीत गडप. २०१८ पासून दोघांना वेगळं मोजायला लागले. पोलंडने राजधानी वॉर्सॉ आणि भोवतालचा उरलेला माझोव्हिया प्रांत वेगळा केला, लिथुआनियाने राजधानीचा भाग आणि बाकी देश. जमीन तीच, माणसं तीच, फक्त रेघ हलली आणि गरिबी दिसायला लागली. तुमचं पर्जन्यमापकाचं दुखणं नेमकं हेच आहे.

पण याच संघाचा स्पर्धाक्षमता निर्देशांक, जो २०१० पासून निघतो, बरोबर उलटं करतो. तिथे व्हिएन्ना आणि भोवतीचं लोअर ऑस्ट्रिया एकत्र धरतात, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गही एकत्र. कारण माणूस राहतो एकीकडे आणि कामाला जातो दुसरीकडे. कारखान्याला कामगार कुठून मिळतो हे बघायचं तर दोन्ही एकत्रच हवेत. मदत कोणाला द्यायची हे विचारलं तर रेघ मारा, उद्योग कुठे टिकेल हे विचारलं तर रेघ पुसा. दोन्ही बरोबर. म्हणूनच एका आकड्यात तिन्ही कोंबता येत नाहीत: प्रत्येकाचा नकाशाच वेगळा आहे. सरांना हंगेरी आणि ऑस्ट्रिया शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

आणखी एक. २००४ मध्ये दहा नवे देश आले, त्यातले बहुतेक गरीब, म्हणून संघाची सरासरी खाली आली. जुन्या देशांतले काही प्रदेश एका पैशाने श्रीमंत न होता ७५ च्या वर गेले. त्यांच्यासाठी पुढे उतरत्या मदतीची वेगळी सोय करावी लागली. आपल्याकडे १९८४ च्या दांडेकर समितीने जिल्ह्यांच्या विकासाचा अनुशेष काढला तोही राज्याच्या सरासरीवरूनच. सरासरीशी तुलना करताना ती सरासरी कशाने हलते हे आधी तपासा. हे प्रकरण प्रबंधात हवंच.

विषमतेसाठी थील निर्देशांक घ्या. त्याची फोड होते: जिल्ह्याजिल्ह्यांतलं अंतर किती आणि जिल्ह्याच्या पोटातलं किती. युरोपात पूर्वेकडचे देश पश्चिमेच्या जवळ आले, पण त्याच देशांत राजधानी पुढे पळाली. रोमानियात बुखारेस्ट संघाच्या सरासरीच्या वर आणि ईशान्य भाग तळाशी. नागपूर आणि गडचिरोली आठवतात ना?

कापूसकोंडा

नमस्कार ताई. मी जिनिंगमध्ये दिवाणजी आहे, बावीस हंगाम झाले. युरोपचं मला ठाऊक नाही, पण कुठे मोजायचं यावर बोलू शकतो.

तुम्ही तालुक्याचं उत्पन्न काढायला बाजार समितीची कापसाची आवक घ्याल. घेऊ नका. आमच्या काट्यावर ज्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या असतात. भाव पन्नास रुपयांनी बरा दिसला की माणूस रात्रीतून गाडी भरून इकडे येतो. पावती आमच्या बाजाराची, वावर त्याचं. आणि खेडा खरेदीवाला घरूनच कापूस उचलतो, तो कुठल्या गावाचा हे पावतीवर उरतच नाही. आमच्या तालुक्याचा आकडा फुगतो आणि ज्याने वेचणी केली त्याचा तालुका कागदावर कोरडा.

तग धरण्याबद्दलही एक सांगतो. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा जिनिंग जानेवारीतच थंड पडलं. पुढच्या हंगामात गाड्या पुन्हा आल्या, कागदावर सगळं पूर्ववत. पण काट्यावर चेहरे बदलले होते. काहींनी ठोक्याने वावर दिलं, काहींची पोरं चाकणला गेली. एक जण तर माझ्याकडे चुकाऱ्याचा चेक न्यायला यायचा, आता तो आमच्याकडेच हमाली करतो. गाडी परत आली म्हणजे माणूस परत आला असं धरू नका.

आर्वी नाका

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. लक्झेंबर्गचं हेच होतं. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांहून जास्त माणसं तिथे कामाला जातात. उत्पादन लक्झेंबर्गच्या खात्यात, आणि भागायचं फक्त तिथल्या रहिवाशांनी. दरडोई आकडा आभाळाला भिडतो. आपल्याकडे चंद्रपूरच्या कोळशाचं आणि विजेचं असंच आहे: उत्पादन तिथल्या खात्यात, पण तो सगळा पैसा तिथल्या घरांत येत नाही. म्हणून ताई, उत्पादन आणि घरात येणारं उत्पन्न हे दोन रकाने वेगळे ठेवा.

चेहरे बदलल्याचं लॅटव्हियात दिसतं. २००९ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे १४ टक्क्यांनी आपटली, मग सावरली. पण २००० ला २३.८ लाख असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २०.७ लाखांवर आली होती. माणसं निघून गेली की भाजक लहान होतो आणि दरडोई आकडा आपोआप सुधारतो.

तग मोजायची केंब्रिजच्या रॉन मार्टिन यांची पद्धत सोपी आहे. समजा देशातला रोजगार ४ टक्क्यांनी घटला, तर प्रदेशातही ४ घटायला हवा होता. प्रत्यक्षात २ घटला तर धक्का अर्धाच लागला. हे झालं धक्का सोसणं. सावरणं ते वेगळं मोजतात, आणि सावरताना कामधंद्याचं स्वरूप बदललं का हे आणखी वेगळं. काकांचा हमाल या तिसऱ्या रकान्यात सापडेल.

पैसेवारी

मी कृषी खात्यातून निवृत्त आहे. तालुक्याच्या खाली उत्पन्नाचा आकडा काढायला जाऊ नका. युरोपातही घरांच्या उत्पन्नाची पाहणी देशपातळीवर भक्कम असते, प्रदेश लहान केला की नमुन्यात घरंच उरत नाहीत. मंडळपातळीवर पाऊस आणि पीक कापणी प्रयोग एवढंच धरा. गावाची पैसेवारी, म्हणजे नेहमीचं पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे, जरूर बघा. पण ५० च्या खाली गेलं की टंचाई धरतात, म्हणून ५० पैशांच्या आसपास आकडे कसे दाटतात ते आधी बघा. ४७, ४८, मग एकदम ५२. मी या बैठकांना बसलोय. रेघेजवळचा आकडा पिकाइतकाच बैठकीतूनही येतो.

धुऱ्यावरून

तिघांचे आभार. काका, तुमच्या काट्यावरच्या पावत्यांवर गाव लिहितात का? लिहीत असतील तर दोन हंगामांच्या बघायला येऊ का? नावं नकोत, फक्त गाव आणि वजन.

कापूसकोंडा

गाडीवाल्याचं गाव लिहितो आम्ही. मालकाला विचारतो. गुरुवारी बाजार नसतो, त्या दिवशी या. बाबांनाही आणा.