मूळ कागद जपायलाच हवेत
जुने सरकारी दस्त स्कॅन झाल्यावर मूळ कागद कशाला जपायचे, असं काहींनी विचारलंय. मला हे अजिबात पटत नाही. कागदाचा पोत, शिक्का, शाई, पाठीमागची नोंद यांवरूनच दस्त अस्सल की बनावट ते ठरतं.

कलकत्त्यात १८९१ साली सुरू झालेलं इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट राजधानीमागोमाग दिल्लीला गेलं आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागार झालं. आपलं नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, त्या काळची कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्याची कागदपत्रं तिथेच आहेत. अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर बरंच काही घरबसल्या वाचता येतं, जरूर बघा.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्राच्या खात्यांवर जुने दस्त निवडून जपायची जबाबदारी टाकली आहे. ही निवडच नीट झाली नाही, तर स्कॅन करायला काय उरणार? मला खरी काळजी त्याची वाटते.