मदत हवी आहे: ज्या नियमाने आमची टीम हरली, त्याच नियमाच्या बाजूने लेकाला बोलायचंय

एरीकाठची

नमस्कार मंडळी. शुक्रवारपर्यंत मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही बफेलोजवळ राहतो. लेक आठवीत आहे, शाळेच्या वादविवादाच्या गटात आहे. या वेळचा विषय: 'एनएफएलचा ओव्हरटाइमचा जुना नियम आताच्या नियमापेक्षा जास्त न्याय्य होता.' बाजू चिठ्ठी टाकून ठरते. त्याला 'होता' अशी चिठ्ठी आली. घरी आल्यापासून तो वहीत एक ओळ लिहितो आणि खोडतो.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी: एनएफएल ही त्या खेळाची व्यावसायिक लीग. सामना बरोबरीत सुटला की ओव्हरटाइमसाठी, म्हणजे जादा वेळेसाठी, नाणेफेक होते आणि जिंकणारी टीम बहुतेक वेळा चेंडू आधी मागते. जुन्या नियमात पहिल्याच टीमने टचडाउन केला (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, सहा गुण) की खेळ तिथेच संपायचा, दुसऱ्या टीमच्या हाती चेंडू येतच नसे. फक्त फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) झाला, तर समोरच्यांना एक संधी मिळायची. आता दोघांनाही एकेकदा चेंडू मिळतो. प्लेऑफसाठी, म्हणजे बाद फेरीसाठी, हे 2022 मध्ये ठरलं, साध्या सामन्यांना 2025 च्या सीझनपासून लागू झालं.

आता आमचं दुखणं. 23 जानेवारी 2022, कॅन्सस सिटीचं अ‍ॅरोहेड स्टेडियम, आमचे बफेलो बिल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही टीमचे मिळून 25 गुण झाले. 13 सेकंद उरले असताना आम्ही 36-33 ने पुढे होतो. चीफ्सनी तेवढ्यात फील्ड गोल मारून बरोबरी केली. नाणेफेकीला आमच्या क्वार्टरबॅकने (पास फेकणारा मुख्य खेळाडू), जॉश अ‍ॅलनने टेल्स म्हटलं, पडलं हेड्स. त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स मैदानभर चालून आला, त्यांच्याच केल्सीने टचडाउन घेतला, 42-36. अ‍ॅलनने त्या रात्री चार टचडाउन पास दिले होते. ओव्हरटाइममध्ये तो बाकावरून बघत बसला.

लेक तेव्हा नऊ वर्षांचा होता. 17 नंबरची जर्सी घालून दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर जाऊन बसला. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाला, "आई, आपल्याला चेंडूच मिळाला नाही गं." रडणं मी समजावू शकले असते. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच होतं.

दोन महिन्यांनी टीमच्या मालकांनी 29 विरुद्ध 3 मतांनी प्लेऑफचा नियम बदलला. आमच्या घरात त्या दिवशी शिरा झाला होता. आणि आता त्याच पोराने उभं राहून म्हणायचं की जुनाच बरा होता!

मला त्याला पळवाटा शिकवायच्या नाहीत. त्याला स्वतःला पटेल असा एक तरी मुद्दा हवाय. माझं स्वतःचं मत नव्या नियमाच्या बाजूने आहे, म्हणून माझ्याच्याने ते होत नाहीये. जाणकारांनी मदत करा, प्लीज.

---

नियमपुस्तक

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. 'जुना नियम' म्हणजे कुठला? जुने दोन आहेत आणि तुमच्या लेकाने दोघांची गल्लत केली तर समोरचा तिथेच पकडेल.

पहिला, खरा सडन डेथ. 1958 ची बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्सची अंतिम लढत त्यानेच सुटली, 23-17. साध्या सामन्यांना तो 1974 पासून लागला. कुणीही, कसाही, पहिला गुण घेतला की खेळ खलास. फील्ड गोलसुद्धा पुरे. दुसरा, 2010 मध्ये प्लेऑफसाठी आणि 2012 पासून सगळीकडे आलेला, तुम्ही सांगितलात तो. लेकाने याचीच बाजू घ्यावी. पहिल्याची बाजू घेणं अवघड आहे, आणि ते का, ते सांगतो.

सडन डेथ आणला त्याच 1974 मध्ये लीगने किकऑफ (समोरच्यांना ताबा देणारी सुरुवातीची किक) 40 यार्डांवरून मागे घेऊन 35 वर ठेवला. 1994 मध्ये 30 वर. म्हणजे चेंडू घेणारी टीम आधीपेक्षा पुढून खेळायला लागली. त्यातच किकर सुधारत गेले, लांबून नेम साधायला लागले. दोन-तीन पास, एक किक, सामना संपला. नियम तोच राहिला, पण त्याच्या आजूबाजूचा खेळ बदलला आणि नाणेफेक जड होत गेली. जानेवारी 2010 मध्ये न्यू ऑर्लिन्सने व्हायकिंग्जना 31-28 असं हरवलं ते पहिल्याच ताब्यावर, 40 यार्डांच्या किकवर. त्यानंतर काही आठवड्यांतच बदल झाला.

2002 चा एक किस्सा त्याला सांगा, पोरांना आवडतो. डेट्रॉइट लायन्सनी शिकागोविरुद्ध नाणेफेक जिंकून चेंडूऐवजी वाऱ्याची दिशा मागितली. शिकागोने चेंडू घेतला, पुढे आले, फील्ड गोल मारला. लायन्सचा ऑफेन्स (चेंडू घेऊन खेळणारा गट) मैदानात उतरलाच नाही.

---

खाडीपलीकडचा

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमचा माणूस, त्यामुळे नव्या नियमाचा चटका मला बसलेला आहे. तुमच्या लेकाच्या कामाचा मुद्दा यातच आहे असं मला मनापासून वाटतं.

11 फेब्रुवारी 2024, लास वेगासची सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत. नवा नियम लागू झाल्यावर ओव्हरटाइमला गेलेला पहिलाच प्लेऑफ सामना. नाणेफेक आम्ही जिंकलो आणि चेंडू आधी घेतला. फील्ड गोल झाला, 22-19. मग चीफ्सची पाळी. ते स्वतःच्याच 34 यार्डांवर होते, फोर्थ डाउन (दहा यार्ड काढायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात, त्यातला शेवटचा), एक यार्ड हवा. एरवी अशा जागी प्रशिक्षक दहा वेळा विचार करतो. इथे विचाराला जागाच नव्हती, कारण पंट केला, म्हणजे किक मारून चेंडू समोरच्यांना दिला, तर सामना गेलाच. माहोम्स स्वतः पळाला, आठ यार्ड काढले. पुढे टचडाउन, 25-22, तेव्हा घड्याळात तीन सेकंद होते.

म्हणजे दुसऱ्या टीमला नेमकं किती हवंय ते आधीच माहीत असतं. पहिल्यांना तीन डाउन, दुसऱ्यांना चार, असंच म्हणा ना. पहिल्या टीमला अंदाजाने खेळावं लागतं. फील्ड गोल पुरेल का, धोका घेऊ का, काही कळायला मार्ग नसतो. चीफ्सनी तर ठरवूनच ठेवलं होतं की सेव्हन-सेव्हन अशी बरोबरी होऊ द्यायची नाही, आम्ही टचडाउन केला असता तर तेही टचडाउन करून नंतरच्या एका गुणाच्या किकऐवजी दोन गुणांच्या प्रयत्नासाठी जाणार होते. म्हणजे बरोबरी राहिली तर तिसरा ताबा आम्हाला मिळावा म्हणून आम्ही चेंडू आधी घेतला आणि तो तिसरा ताबा आलाच नसता.

सामन्यानंतर आमच्याच काही खेळाडूंनी सांगितलं की नियम बदललाय हे त्यांना नीट माहीत नव्हतं. ते वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

तर लेकाने असं म्हणावं: नव्या नियमाने नाणेफेकीचं झुकतं माप नाहीसं झालं नाही. ते एका पारड्यातून काढून दुसऱ्यात टाकलंय.

---

पर्वती_पायथा

हा खेळ मी कधी बघितलेला नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. क्रिकेटच्या सुपर ओव्हरला नाणेफेकच नसते. सामन्यात ज्यांनी नंतर फलंदाजी केली, तेच सुपर ओव्हरमध्ये आधी येतात. इथे तसं काही करता येणार नाही का? आणि 2019 च्या लॉर्ड्सच्या फायनलला सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर चौकार-षटकार मोजले, इंग्लंड 26, न्यूझीलंड 17. नियम दोघांना आधीपासून माहीत होता, तरी कुणालाच ते बरं वाटलं नाही. आयसीसीने त्याच वर्षी तो काढून टाकला. 'नियम आधी माहीत होता ना, मग तक्रार कसली' असं लेकाने म्हणू नये. ते ऐकायला थंड वाटतं आणि पटत नाही.

---

जुना_पकडपटू

ताई, मी साताऱ्याकडचा, आता ओहायोत. तरुणपणी कोपरारक्षक म्हणून कबड्डी खेळलोय, त्यामुळे माझं डोकं पकडीच्या बाजूने चालतं. रागावू नका, पण मला जुना नियम अन्यायाचा कधी वाटला नाही.

आपल्याकडे बाद फेरीत बरोबरी झाली की पाच-पाच चढाया होतात. तरीही बरोबरी राहिली तर नव्याने टॉस, आणि जिंकणाऱ्याला सुवर्ण चढाई. तीत गुण घेतला की सामना संपला. समोरचा संघ 'आम्हाला चढाईच मिळाली नाही' असं म्हणतो का? नाही म्हणत. कारण चढाईपटूला पकडलं की गुण त्यांचा आणि सामनाही त्यांचा. पकड करणारे सात जण बघे म्हणून उभे नसतात.

इथेही तेच आहे. तुमचा लेक म्हणाला, 'आपल्याला चेंडूच मिळाला नाही.' लेकरू होतं, त्याच्या जागी बरोबरच होतं. पण बिल्सचे अकरा जण त्या ओव्हरटाइममध्ये मैदानातच होते की! त्यांनी चीफ्सना एकदा अडवलं असतं, फील्ड गोलवर जरी रोखलं असतं, तरी अ‍ॅलनला चेंडू मिळालाच असता. डिफेन्स हीसुद्धा टीमच आहे. 'दोघांना चेंडू मिळालाच पाहिजे' असं म्हणताना आपण नकळत म्हणतो की खेळतो तो फक्त क्वार्टरबॅक.

आणि आता हुकमाचा पत्ता देतो. त्या सामन्यानंतर बरोब्बर एका आठवड्याने, 30 जानेवारी 2022. तेच अ‍ॅरोहेड, तोच माहोम्स, तोच नियम, नाणेफेक पुन्हा चीफ्सनीच जिंकली. समोर माझी सिनसिनाटी बेंगॉल्स. बेंगॉल्सच्या डिफेन्सने पास मधेच उचलला, चेंडू फिरवला, 31 यार्डांवरून किक आणि 27-24. त्या रात्री शेजाऱ्यांनी दार वाजवेपर्यंत मी घरात ओरडत होतो. नियमाने चीफ्सना जिंकवलं असतं, तर ते तेव्हाही जिंकले असते.

---

नियमपुस्तक

पकडपटू, मुद्दा जबरदस्त आहे, पण ताईंच्या लेकाला समोरून येणारा आकडाही सांगायला हवा. 2010 च्या नियमाखाली 2022 च्या बदलापर्यंत प्लेऑफचे 12 सामने ओव्हरटाइमला गेले. त्यातले 10 नाणेफेक जिंकणाऱ्यांनी जिंकले, आणि 7 पहिल्याच ताब्यावरच्या टचडाउनने. बदलाच्या वेळी सगळीकडे हाच आकडा फिरत होता. समोरचा वक्ता तो काढणारच. 2012 चा तो डेन्व्हर आणि पिट्सबर्गचा सामनाही काढेल, पहिल्याच प्लेला डेन्व्हरच्या टीबोच्या पासवर 80 यार्डांचा टचडाउन, 11 सेकंदांत खेळ आटोपला.

उत्तर असं द्यावं: 12 सामने म्हणजे फार थोडे. आणि बारातले पाच पहिल्या ताब्यावर संपले नाहीत, म्हणजे डिफेन्सला काम होतं आणि ते जमतही होतं. आकडा लपवू नये, स्वतःच आधी सांगावा. परीक्षकांना ते आवडतं.

आणखी एक मुद्दा, शरीराचा. 2017 मध्ये साध्या सामन्यांचा ओव्हरटाइम 15 वरून 10 मिनिटांवर आणला तो खेळाडूंच्या दुखापतींचा विचार करून. ताबे वाढवायचे म्हणजे थकलेल्या माणसांवर आणखी टकरा. शिवाय दहा मिनिटांत दोघांचे सावकाश ताबे बसवले की वेळच संपतो. 28 सप्टेंबर 2025 ला डॅलस आणि ग्रीन बे, दोघांनी एकेक फील्ड गोल मारला आणि 40-40 वर सामना बरोबरीत राहिला.

---

एरीकाठची

सगळ्यांचे खूप आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

पर्वती, तुमची सूचना मी लेकाला सांगितली. तो म्हणतो यजमान टीमला निवड द्यावी, कारण तो मान तिने सीझनभर खेळून मिळवलेला असतो, निदान नाण्यावर तरी नाही. भाषणात बसणार नाही, पण त्याला आवडलं.

खाडीपलीकडचे, तुमचा चार डाउनचा मुद्दा त्याने मधे घेतलाय, फोर्थ डाउनच्या त्या प्लेसकट. सुपर बोल आम्हीही बघितली होती, पण त्या पळण्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

पकडपटूदादा, तुमचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते तेरा सेकंद लाव." साडेतीन वर्षांत आमच्या घरात ते कुणी लावलेले नाहीत. मी जेवण गॅसवरून उतरवलं आणि त्याच्याशेजारी बसले.

दोनच प्ले आहेत. पहिला चीफ्सच्या हिलला, 19 यार्ड. दुसरा केल्सीला मधोमध, 25 यार्ड. आठ सेकंद उरले, मग तीन. लेकाने दुसरा प्ले चार वेळा थांबवून बघितला आणि पडद्यावर बोट ठेवून आमचे डिफेंडर मोजले. सगळे मागे, कडेला सरकलेले, आणि केल्सीच्या समोर मोकळं मैदान. "आई, हे नाणं उडवायच्या आधीचं आहे," तो म्हणाला. मग उठून वही घेऊन आला.

आता त्याच्या भाषणाची सुरुवात अशी आहे: 'मी बिल्सचा आहे. आम्ही तो सामना नाणेफेकीला हरलो असं मी नऊ वर्षांचा असल्यापासून सांगत आलोय. आज मी तुम्हाला त्याआधीचे तेरा सेकंद दाखवणार आहे.'

माझं मत अजून बदललेलं नाही, हे मी त्यालाही सांगितलं. डिफेन्स चुकला म्हणून ऑफेन्सला बाकावर बसवणं मला अजूनही बरोबर वाटत नाही. तो म्हणाला, "चालेल, तू समोरची बाजू घे, मी तुझ्यावर सराव करतो." काल रात्री दोनदा झालं. दुसऱ्या वेळी त्याने बेंगॉल्सचा सामना काढला आणि मला उत्तर सुचलं नाही.

चार मिनिटांचं भाषण आहे, सध्या चार मिनिटं चाळीस सेकंद होतंय. काय काढू ते सांगा. मला दुखापतींचा भाग काढावासा वाटतो, त्याला टीबो काढायचाय.