‘टेन’ची जुनी कॅसेट आणि हरवलेला घुमारा

फोंडेकर: चतुर्थीपूर्वी रंगकामासाठी माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडच्या ‘टेन’ अल्बमची माझी जुनी कॅसेट सापडली. पणजीत कॉलेजला असताना घरी परतताना कदंबच्या बसमध्ये वॉकमनवर ती रोज ऐकत असे. आता फितीच्या कडांवर पांढरी बुरशी दिसते, म्हणून ती लावण्याचे धाडस झाले नाही. तोच अल्बम मोबाइलवर ऐकला, तर त्यातले ‘ब्लॅक’ हे गाणे ओळखीचे असूनही परके वाटले. गायक एडी व्हेडर समोरच्या खुर्चीत बसून गात असावा इतका आवाज जवळचा, गिटारी कोरड्या. माझ्या आठवणीत मात्र ते सारे देवळाच्या सभामंडपातून यावे तसे घुमत येत असे. माझे कान बदलले, की अल्बम?

म्हापशाचा श्रोता: कान शाबूत आहेत. ऑगस्ट १९९१ मध्ये आलेल्या मूळ अल्बमचे मिक्सिंग (गायन आणि वाद्यांचे वेगवेगळे ध्वनिमुद्रण एकत्र जुळवण्याचे काम) टिम पामर यांनी इंग्लंडमध्ये केले होते आणि तो घुमारा त्यांच्याच हातचा. (‘ओशन्स’मध्ये तालासाठी त्यांनी मिरपुडीची डबी आणि अग्निशामक नळकांडे वाजवले आहे, हे कळल्यापासून मला ते गाणे सरळ ऐकताच येत नाही.) बँडमधल्यांनाच पुढे तो घुमारा जास्त वाटू लागला, म्हणून २००९ च्या पुनर्प्रकाशनात ब्रेंडन ओब्रायन यांनी नव्याने केलेले मिक्स ‘रिडक्स’ या नावाने जोडले गेले. आपण बहुधा तेच ऐकले असावे. अल्बमच्या नावापुढे ‘रिडक्स’ आहे का, तेवढे पाहावे.

साष्टीकर: बुरशीची कॅसेट कृपया तशीच लावू नका, ती प्लेअरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात माझ्या निम्म्या कॅसेटी अशाच गेल्या. सिलिका जेलच्या पुड्यांसह ती बंद डब्यात काही दिवस ठेवा, उन्हात मुळीच नको. मग नाकाला फडके बांधून, अंगणात, जुन्या टाकाऊ प्लेअरवर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. त्यानंतरच चांगल्या प्लेअरवर लावा आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बाकी मिक्सबद्दल माझे मत वेगळे आहे: ‘रिडक्स’मध्ये जेफ अमेंटची बेस गिटार प्रथमच नीट ऐकू येतो, आणि घुमाऱ्याची ओढ ही बरीचशी कॉलेजच्या दिवसांची ओढ असते.

फोंडेकर: दोघांचेही आभार. मोबाइलवर ‘रिडक्स’च होते. बेसचे म्हणणे मान्य, पण ‘ब्लॅक’ मी जुनेच ऐकणार. कॅसेट काल लावली. दुसऱ्या बाजूला एके ठिकाणी आवाज दबतो, बाकी ठीक आहे. ‘रिलीज’ हे शेवटचे गाणे संपल्यावर जी संथ धून येते, तीच पहिल्या गाण्याच्या आधीही आहे, हे विसरलोच होतो. कॅसेट उलटून लावली तेव्हा तीच धून पुन्हा सुरू झाली, आणि बायकोने आतून विचारले, ‘अजून संपली नाही का?’